सिरसाळ्याचा धनी कोणी निवडला?

परळी वैजनाथहून माजलगावच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवर सिरसाळा लागते. सभोवार काळी जमीन, ज्वारी आणि कापूस ही तिची जुनी पिके, बालाघाटाचे उंचसखल माळ दक्षिणेस आणि गोदावरीचे खोरे उत्तरेस, असा हा मुलूख. इतिहासाच्या ग्रंथांत या गावाला पृष्ठ मिळालेले नाही. परंतु जो प्रश्न मोठमोठ्या राजधान्यांविषयी विचारला जातो तोच अशा गावाविषयीही विचारता येतो, आणि माझ्या मते अशाच गावी उभे राहून विचारला असता त्याचे उत्तर अधिक खरे मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावावर हुकूम चालवणारा माणूस कोणी निवडला, कोणत्या रीतीने निवडला, आणि त्या निवडीत गावाचा काही शब्द होता काय, हा तो प्रश्न.

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त दूरचे आहे. त्याच काळात पृथ्वीच्या पाठीवर एके ठिकाणी लोक आपला गव्हर्नर स्वतः मत देऊन निवडत होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या राज्याच्या १७८० च्या संविधानाप्रमाणे गव्हर्नराची मुदत अवघी एक वर्षाची होती, आणि दरवर्षी एप्रिल महिन्यात गावोगावच्या सभांमध्ये लोक जमून मते देत. १८१२ साली तेथे एल्ब्रिज गेरी हा पदावरचा गव्हर्नर आणि केलेब स्ट्राँग हा माजी गव्हर्नर यांच्यात मोठी चुरशीची निवडणूक झाली. लाखभर मते पडली आणि गेरी तेरा-चौदाशे मतांनी पराभूत झाला. तथापि त्याच्या पक्षाने आधीच राज्याच्या सेनेटचे मतदारसंघ असे वेडेवाकडे कापून ठेवले होते की गव्हर्नरपद गेले तरी सेनेटात २९ विरुद्ध ११ असे बहुमत त्याच पक्षाकडे राहिले. बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्यांतील एका मतदारसंघाच्या नकाशाला नख्या आणि पंख काढून त्याचा विचित्र प्राणी बनवला, आणि त्या चित्रामुळे गेरीचे नाव एका राजकीय कुप्रथेला कायमचे चिकटले. त्याच्या आठ वर्षे आधी, १८०४ साली, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक अॅरन बर हा देशाचा विद्यमान उपराष्ट्राध्यक्ष मॉर्गन लुइसकडून हरला. त्या प्रचारात आपली मानहानी झाली या रागाने त्याने अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, आणि जुलै महिन्यात त्याच्या गोळीने हॅमिल्टन मरण पावला.

त्या लोकसत्तेचे चित्र रंगवताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. व्हर्जिनियासारख्या राज्यांत गव्हर्नर लोक निवडत नसत. तो विधिमंडळ निवडी. मॅसॅच्युसेट्समध्ये मताचा अधिकार ठराविक मालमत्ता किंवा उत्पन्न असलेल्या पुरुषांनाच होता, आणि गव्हर्नर होऊ इच्छिणाऱ्याकडे त्या राज्याच्या हिशेबात एक हजार पौंड किमतीची जमीन असावी लागे. स्त्रियांना मत नव्हते. न्यू जर्सीत काही काळ मालमत्ताधारी स्त्रिया मत देत, तोही अधिकार १८०७ मध्ये काढून घेण्यात आला. न्यूयॉर्कात गुलामगिरी १८२७ पर्यंत कायद्याने चालूच होती. तरीही, एवढी सर्व वजाबाकी करूनही, एक गोष्ट शिल्लक उरते आणि ती लहान नव्हे: ज्याच्या हुकमाखाली वर्षभर राहावयाचे तो माणूस शेतकरी, लोहार, दुकानदार यांनी आपल्या गावच्या सभागृहात उभे राहून ठरवावा, आणि पुढच्या वर्षी नको असल्यास त्याला घरी पाठवावा.

आता सिरसाळ्याकडे येऊ. त्या काळी हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. आणि अठराव्या शतकात तर येथील रयतेला दोन धनी होते, कारण सरकारी वसुलाखेरीज मराठ्यांची चौथाईही तिच्याच शेतातून निघत असे. १७६३ साली राक्षसभुवनी गोदावरीच्या काठी थोरल्या माधवरावांनी निजामअलीचा पराभव केला आणि १७९५ साली खर्ड्यावर पुन्हा निजामाची हार झाली. या दोन्ही रणभूमी सिरसाळ्यापासून फार लांब नाहीत. परंतु लढाई कोणीही जिंको, पीक उभे असलेल्या शेतातून जाणारा घोडा कोणाचा हे विचारण्याची सोय रयतेला नव्हती.

गावापुरते बोलायचे तर गावचा कारभारी निवडला जात नसे, तो जन्माला येत असे. पाटीलकी आणि कुळकर्ण वतनी होते, परगण्यावर देशमुख-देशपांडे हेही वतनदार, आणि वतन म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारी, वाटून घेता येणारी, प्रसंगी गहाण टाकता वा विकताही येणारी मिळकत. पाटलाचा मान, त्याच्या घरची पोळ्याची पहिली बैलजोडी, होळीची पहिली पोळी, यांवरून पिढ्यान्पिढ्या भांडणे चालत. मात्र अशी भांडणे निवाड्यास आली म्हणजे मराठी मुलखातील एक प्राचीन रीत पुढे येई, आणि तिच्याकडे मी मोठ्या आदराने पाहतो. वादी-प्रतिवादी गोतासमोर उभे केले जात. परगण्याचे देशमुख, देशपांडे, पेठेचे शेटे-महाजन, भोवतालच्या गावांचे पाटील-कुळकर्णी आणि त्या गावचे बलुतेदार अशी हाजिर मजालस बसे. साक्षी होत, जुने कागद वाचले जात, क्वचित तापल्या तेलात हात घालण्याचे दिव्यही होई. आणि शेवटी जो निर्णय ठरे त्याचा महजर लिहून त्यावर सर्वांच्या निशाण्या पडत. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, शेटे तागडी काढी, सुतार किंकरे, चांभार आरी आणि न्हावी आरसा. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द तर निर्णायक मानला जाई, कारण गावाची सीमा त्याच्या इतकी कोणालाच ठाऊक नसे. ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागे त्याचीच साक्ष गावाची सीमा ठरवण्यास अखेरची धरली जावी, यात त्या व्यवस्थेचा अन्याय आणि तिचे शहाणपण दोन्ही एकाच वेळी दिसतात.

गोतसभा म्हणजे मतदान नव्हे, हे उघड आहे. तेथे प्रत्येक माणसाचे वजन सारखे नव्हते, मते मोजली जात नसत, आणि स्त्रीचा आवाज वतनदार विधवेच्या अपवादाखेरीज ऐकू येत नसे. पण निर्णयास चारचौघांची उपस्थिती लागते, तो कागदावर यावा लागतो आणि त्याखाली निरक्षर माणसाचीही खूण असावी लागते, ही समजूत या मातीत होती; ती विलायतेहून किंवा अमेरिकेहून आलेली नव्हती.

ही समजूत परगण्याच्या चावडीपर्यंत चालत असे. तिच्या वर मात्र वेगळेच राज्य होते. परगण्याचा वसूल करणारा तालुकदार हैदराबादेत ठरे, आणि ज्या रीतीने ठरे तिला इजारा म्हणत. जो अधिक रक्कम कबूल करील, दिवाणाला नजराणा देईल आणि पैशाची तंगी असलेल्या सरकारला काही भाग आगाऊ भरील त्याला तालुका मिळे. वसुलातून रुपयामागे दोन आणे तो आपल्या खर्चासाठी ठेवी, आणि त्यापेक्षा वाढीव बोली घेऊन दुसरा कोणी पुढे आला की पहिल्याची उचलबांगडी होई. तालुका किती दिवस आपल्या हाती राहील याची ज्याला शाश्वती नाही तो माणूस रयतेच्या बैलांची, विहिरींची किंवा पुढच्या हंगामाच्या बियाण्याची चिंता वाहील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. एकाने घेतलेला वसूल नव्याने आलेल्याने पुन्हा मागावा, पाटलाने कबुलायत केल्यानंतर जादा पट्टी बसवावी, न दिल्यास अरब किंवा रोहिल्यांची धरणी गावात आणून बसवावी आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्चही गावावर टाकावा, असे प्रकार त्या काळच्या निजामी मुलखात सर्रास होते. रयतेच्या हाती एकच उपाय होता: गाव सोडून परागंदा होणे. उपरी कुळे रातोरात उठून शेजारच्या परगण्यात जात आणि नवा कौल मिळेपर्यंत परत येत नसत. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याने गव्हर्नराविरुद्ध मत द्यावे त्या जागी आमचा शेतकरी घर मोडून निघून जाई.

तालुकदाराला दिवाण नेमी. मग दिवाणाला कोण नेमी? येथे माझ्या विषयाचा गाभा येतो. १८०० च्या तहाने निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पूर्णपणे पत्करली होती, आणि १८०३ च्या ऑगस्टात निजामअली वारल्यावर सिकंदरजाह गादीवर आला. १८०४ साली जुना दिवाण अरस्तूजाह मरण पावला तेव्हा इंग्रज रेसिडेंटाच्या आग्रहाने मीर आलम याची नेमणूक झाली. मीर आलम १८०८ च्या अखेरीस वारला, आणि त्याच्यामागे दिवाणगिरीसाठी जी ओढाताण झाली तिला मी त्या काळची हैदराबादची गव्हर्नरपदाची निवडणूक म्हणेन, कारण उमेदवार होते, पाठीराखे होते, वाटाघाटी होत्या आणि निकालही लागला. मतदार मात्र दोनच होते. निजामाच्या मनात मीर आलमचा जावई मुनीर-उल-मुल्क होता. इंग्रजांचा कल पायगेचा उमराव शम्स-उल-उमरा याच्याकडे होता. तिसरा माणूस, पेशकार राजा चंदूलाल, जातीने खत्री, हिशेबात निष्णात, फारसीत काव्य करणारा आणि रेसिडेन्सीच्या पूर्ण विश्वासातला, तो उमेदवार म्हणून पुढे आला नाही. पण निवडणूक खरी जिंकली ती त्यानेच. तडजोड अशी झाली की दिवाणपदाची वस्त्रे मुनीर-उल-मुल्कने घ्यावी, त्याने कारभारात हात न घालण्याचे लिहून द्यावे, आणि सर्व अंमल चंदूलालने पाहावा. हे दप्तर १८०९ पासून १८४३ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, चंदूलालच्या हाती राहिले. त्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी निवडणूक झाली.

चंदूलालविषयी दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. तो दानशूर होता, हैदराबादेत कवींचा आणि विद्वानांचा आश्रयदाता होता, आणि परस्परविरोधी धन्यांना सांभाळण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. परंतु ज्या किमतीवर त्याने ती हातोटी चालवली ती किंमत त्याने स्वतः भरली नाही. ती परगण्यांनी भरली. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या प्रेरणेने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभारली गेली, जी रसेल ब्रिगेड म्हणून ओळखली जाई आणि जिचे पुढे हैदराबाद कंटिंजंट झाले, तिचा पगार निजामाच्या खजिन्यावर पडला. या फौजेच्या घोडदळाची छावणी पुढे आमच्या अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, होती. पगार महिन्याच्या महिन्याला हवा आणि वसूल हंगामाच्या हंगामाला यावा, या दोहोंमधली दरी भरण्यासाठी चंदूलालने सावकार धरला; तो सावकार म्हणजे विल्यम पामर अँड कंपनी.

विल्यम पामर हा एका इंग्रज जनरलचा मुस्लिम बेगमेपासून झालेला मुलगा. पूर्वी त्याने निजामाच्या फौजेत नोकरी केली होती. युरोपियनांनी हिंदी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा कायदा असताना १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीत एक भागीदार होता सर विल्यम रंबोल्ड, आणि त्याची पत्नी हेस्टिंग्जच्या घरी लेकीसारखी वाढलेली. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस, तारण म्हणून परगण्यांच्या वसुलावर तनखे. बेरार आणि औरंगाबादकडच्या फौजेचा पगार पेढीने द्यावा आणि वसूल थेट पेढीकडे जावा, अशी ती रचना. १८२० मध्ये जुने कर्ज फेडण्याच्या नावाखाली साठ लाखांचे नवे कर्ज झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफने हिशेब तपासले तेव्हा त्याला दिसले की या साठ लाखांतला मोठा भाग म्हणजे केवळ कागदावरची बेरीज होती. त्याने निर्भयपणे कलकत्त्यास लिहिले, आणि गव्हर्नर जनरलशी असलेला आपला स्नेह पणाला लावला.

या चार-पाच वर्षांत मराठवाड्याच्या गावांचे हाल किती झाले असतील याचा अंदाज दोन घटनांवरून बांधता येतो. १८१८ मध्ये बीडकडे धर्माजी प्रतापराव याने उठाव केला आणि निजामाच्या रिसाल्याला, ज्याचे नेतृत्व सदरलँड नावाचा इंग्रज लेफ्टनंट करीत होता, तो मोडावा लागला. १८१९ च्या जानेवारीत नांदेडकडे नोव्ह्याची गढी इंग्रजांच्या तोफांनी फोडावी लागली. तेथे हटकर नायक नौसाजी आपल्या माणसांसह लढला. या उठावांना लूटमारीचे नाव देऊन सरकारी कागदांनी त्यांची बोळवण केली आहे. मला त्यांत इतर मार्ग बंद झालेल्या मुलखाचा आवाज ऐकू येतो.

आता मेटकाफच्या पत्राचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण याच जागी माझ्या मूळ प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर सापडते. गव्हर्नर जनरलला ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर नेमीत, डायरेक्टर चोवीस असत, आणि त्यांना कंपनीचे भागधारक मत देऊन निवडत. दरवर्षी एप्रिलात सहा जागांची निवडणूक होई. १७७३ च्या कायद्याने मताचे दर ठरले होते: एक हजार पौंडांच्या भागाला एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन आणि दहा हजार पौंडांना चार. ज्याचे भाग त्याचे मत. धर्म, राष्ट्र किंवा लिंग यांची अट नव्हती, आणि इंग्लंडातल्या पैसेवाल्या विधवा, ज्यांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते, त्या येथे मत देत. मतदार सुमारे दोन हजार होते. एक हजार पौंड मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर होण्याची पात्रता ठरवीत, आणि लंडनमध्ये तेवढाच आकडा हिंदुस्थानचा गव्हर्नर कोण असावा यावर बोलण्याचा हक्क देई.

१८२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या प्रासादात भागधारकांची सर्वसाधारण सभा हैदराबादच्या कागदांवर अनेक दिवस चर्चा करीत बसली. हेस्टिंग्जच्या चारित्र्यावर डाग लागतो की नाही, डायरेक्टरांनी पामर पेढीविषयी काढलेली कडक पत्रे योग्य होती की नाही, हा वाद होता. आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून मतदान झाले. डायरेक्टरांची बाजू जिंकली: त्यांची पत्रे मान्य झाली, पण हेस्टिंग्जने स्वतः लाच घेतल्याचा ठपका नसल्याचेही नमूद झाले. (त्याच वास्तूत हिशेबनीसाच्या कचेरीत तेहतीस वर्षे कारकुनी करून निबंधकार चार्ल्स लँब याने त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस नोकरीतून मुक्तता घेतली. त्याच्या टाकाखालून आमच्या मुलखाचे आकडे गेले असतील काय, हा विचार निबंधाची आवड असलेल्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.)

म्हणजे मतदान झाले होते. सिरसाळ्याच्या शेतातून निघालेला वसूल कोणत्या सावकाराकडे जावा, तो सावकार टिकावा की बुडावा, त्याला पाठीशी घालणारा गव्हर्नर जनरल निर्दोष की सदोष, या गोष्टींवर चर्चा झाली, भाषणे झाली, मते मोजली गेली. परंतु मत देणाऱ्यांपैकी कोणाच्या पायाला बालाघाटाची माती लागलेली नव्हती आणि ज्यांच्या पायाला लागलेली होती त्यांपैकी कोणाला आपल्याविषयी मतदान होत आहे याची वार्ताही नव्हती. एकोणिसाव्या शतकातील आमच्या पारतंत्र्याचे वर्णन अनेकांनी तलवारीच्या भाषेत केले आहे. मला ते या मतपेटीच्या भाषेत अधिक अचूक वाटते. लोकशाहीचा सर्व सांगाडा तेथे होता, फक्त त्यात ज्यांचा प्रश्न ते लोक नव्हते.

कर्जाचा शेवट लौकर सांगतो. १८२३ मध्ये कंपनी सरकारने निजामाचे पामर पेढीचे देणे भागवले, त्याबदल्यात उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनी निजामाला दरसाल जी सात लाखांची पेशकश देई ती १ कोटी १६ लाखांहून अधिक रकमेला कायमची विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी पेढी बुडाली. मेटकाफने मात्र आणखी एक गोष्ट केली जिच्याबद्दल मराठवाड्याने त्याला स्मरले पाहिजे. त्याने जिल्ह्यांत इंग्रज अधिकारी पाठवून गावोगावच्या पाटलांशी ठराविक मुदतीचे जमाबंदीचे करार करविले, आणि कबूल रकमेवर तालुकदाराने पै जास्त घेतल्यास दाद मागण्याची सोय केली. परागंदा कुळे परतली, पडीत जमीन पुन्हा वाहिली जाऊ लागली. हे परक्या सत्तेचे काम होते आणि त्यामागे वसूल स्थिर व्हावा हा हेतू होताच. पण चांगल्या कामाचे श्रेय ते करणाऱ्यास नाकारणे हा इतिहास नव्हे. १८२९ साली सिकंदरजाह वारला, नासिरुद्दौलाने गादीवर येताच हे अधिकारी काढून घेण्याची मागणी केली, ती गव्हर्नर जनरल बेंटिंकने मान्य केली, आणि इजाऱ्याचे चक्र पुन्हा फिरू लागले.

तिकडे मुंबईच्या गव्हर्नरपदावर १८१९ मध्येच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला होता. त्याचे, माल्कमचे आणि मनरोचे अशी तीन नावे लंडनहून मंत्री जॉर्ज कॅनिंगने सुचवली होती आणि डायरेक्टरांनी त्यांतून निवड केली. पेशवाईच्या मुलखाला त्याच्या हाताखाली शाळा, नियमांची पुस्तके आणि मोजणी मिळाली, आणि त्याच भाषेच्या, त्याच सणांच्या, त्याच वारीच्या मराठवाड्याला ते मिळण्यास अर्धशतक थांबावे लागले. १८५३ मध्ये मुनीर-उल-मुल्कचाच नातू सालारजंग दिवाण झाला, त्याने इजारदार तालुकदार दूर करून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. ज्या आजोबाला दिवाणपदाची वस्त्रे मिळूनही अधिकार मिळाला नाही त्याच्या नातवाने तेच पद खरे करून दाखवले. पण सालारजंगालाही रयतेने निवडले नव्हते.

त्यानंतरच्या ऐंशी वर्षांवरून मी वेगाने जातो. १८९३ चे कायदेमंडळ, १९३७ ची सुधारणा समिती, व्यवसायवार प्रतिनिधित्वाच्या योजना, स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातलेल्या निवडणुका, हे सर्व रयतेच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच आटले. रयतेच्या दारापर्यंत जे पोहोचले ते निराळ्या वाटेने आले: अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलेली पोरे, महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने, रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या भागातल्या माणसाने प्रथमच मत दिले, आणि पुरुषाने दिले त्याच दिवशी स्त्रीनेही दिले; मालमत्तेची अट नव्हती, अक्षरओळखीचीही नव्हती. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी असे आणि तीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकावी. काँग्रेसची बैलजोडी होती. महजरावर नांगर काढणाऱ्याच्या पणतवाला चिन्ह पाहून निर्णय करणे जड गेले नाही. हैदराबादच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसला मिळाल्या आणि बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले; बीडने लोकसभेवर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे पाठवले, म्हणजे पहिल्याच मतात या जिल्ह्याने राज्यकर्त्या पक्षाला नकारही देता येतो हे दाखवून दिले. मात्र त्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या माथ्यावर राज्याचा घटनात्मक प्रमुख म्हणून बसले होते ते स्वतः निजाम मीर उस्मान अली खान, राजप्रमुख या नावाने.

शेजारच्या मुंबई राज्यात राजप्रमुखाच्या जागी गव्हर्नर होता, आणि तोही निवडलेला नव्हता. येथे एक विसरलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४७ च्या जुलैत सरदार पटेलांच्या समितीच्या शिफारशीवरून संविधान सभेने ठरवले होते की प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मताधिकाराने थेट जनतेने निवडावा. तो ठराव टिकला असता तर मॅसॅच्युसेट्सची रीत आपल्याकडे आली असती. १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस सभेने तो बदलला. थेट निवडून आलेला गव्हर्नर आणि विधानसभेला जबाबदार मुख्यमंत्री यांच्यात तंटे होतील, फाळणीनंतरच्या त्या दिवसांत देशाला एकसंध ठेवण्यास केंद्राने नेमलेला माणूस बरा, असा विचार झाला, आणि त्या क्षणी तो विचार मला चुकीचा वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजप्रमुखपद संपले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि ज्या पदावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टन बसला होता त्याचा अंमल प्रथमच बीड जिल्ह्यावर चालू झाला. ते पद आजही राष्ट्रपतींच्या नेमणुकीचे आहे.

ज्याच्या हाती अंमल आहे तो माणूस विधिमंडळाच्या किंवा सदस्यांच्या मध्यस्थीवाचून थेट मताने निवडावा ही रीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आली ती २०१७ साली, सरपंचपदासाठी. २०२० मध्ये ती रद्द झाली, सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडण्याची जुनी पद्धत परतली, आणि २०२२ मध्ये थेट निवड पुन्हा आणली गेली. तिच्या गुणदोषांवर गावोगावच्या चावड्यांवर वाद चालतो: सदस्य एका गटाचे आणि सरपंच दुसऱ्या गटाचा झाला म्हणजे पाण्याच्या टाकीचा ठराव महिनोन्महिने अडतो, असे एक बाजू म्हणते, सदस्य फोडून सरपंच पाडण्याचा बाजार तरी थांबला, असे दुसरी म्हणते. १८१२ साली मॅसॅच्युसेट्समध्येही एका पक्षाचा गव्हर्नर आणि दुसऱ्या पक्षाचे सेनेट अशीच स्थिती झाली होती. मी स्वतः थेट निवडीच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण चंदूलालची चौतीस वर्षे आहेत: पदाची वस्त्रे एकाची आणि अंमल दुसऱ्याचा, ही रचना ज्या मुलखाने इतका काळ सोसली त्या मुलखात अधिकार कोणाच्या हाती आहे हे प्रत्येक मतदाराला मतपत्रिकेवर स्पष्ट दिसले पाहिजे.